दोन बुराक

शापोरा ओसरली की शिवोलीच्या पुलाखाली
चिखल उघडा पडतो, राखाडी, चकचकीत,
नुकत्या पुसलेल्या पाटीसारखा.
पिएदाद झगा गुडघ्यावर खोचून
त्यात उतरते, आणि मी तिच्या मागे,
डिचोलीची, खाणीच्या लाल धुळीत वाढलेली,
शिंपला फक्त ताटात पाहिलेली.

पहिल्या दिवशी तासाभरात तिची बादली अर्धी,
माझ्या हाती तीन तिसऱ्या, त्यातली एक रिकामी.
मी शिंपले शोधत होते.
ती म्हणाली, "तिसरी दिसना गो, ती सकयल आसा.
दोन बुराक पळय. लागीं लागीं. बस."

दोन भोकं. एक पाणी आत घ्यायचं, एक सोडायचं,
सुईनं टोचावीत तशी जोडीनं.
खेकड्याचं बीळ एकटं असतं, तिरकं.
बगळ्याच्या पायाच्या तीन रेघा.
बुडबुडा फुटून उरलेला गोल खोटा.
हे तिनं सांगितलं नाही. हे मला
माझ्या कमरेनं शिकवलं, आठ-दहा ओहोट्यांत.

मग एका सकाळी काय झालं कोण जाणे,
चिखल तोच, ऊन तेच,
आणि भोकं आपणहून वर आली,
जणू कुणी आतून बोट ठेवून दाखवतंय:
इथे. इथे. ही बघ.

त्या मे महिन्यात पणजीहून एक मुलगा आला,
यतीन शिरोडकर, नजरेवर काहीतरी शिकणारा.
पिएदादच्या नाकावर त्यानं कॅमेऱ्याचा चष्मा चढवला;
ती म्हणाली, लग्नातसुद्धा मला एवढं नटवलं नव्हतं.
नंतर तिच्या बाल्कांवात लॅपटॉप उघडून
दाखवलं: हा लाल ठिपका म्हणजे तुमची नजर.
सेकंदाला तीन उड्या. उडी चालू असताना
डोळा जवळजवळ आंधळा, आणि आपल्याला पत्ता नाही.
माझा ठिपका माशीसारखा, उठून पुन्हा तिथेच बसणारा.
तिचा रिकाम्या चिखलाला शिवतही नव्हता,
एका जोडीवरून थेट दुसऱ्या जोडीवर,
हात अजून पहिलीत असतानाच.
"डोक्यात आधी चित्र असतं," यतीन म्हणाला,
"मेंदू ते पुढे धरतो, जुळेल तिथे दिवा लावतो,
बाकीच्यांचा मंद करतो."
पिएदाद म्हणाली, "आनी दिव्याचें बील कोण भरता?"

तो हसला नाही. त्यानं चित्रफीत मागे नेली.
डाव्या कोपऱ्यात, खारफुटीच्या मुळांशी,
चार पाणमांजरं.
चाळीस सेकंद ती आमच्यासमोरून गेली,
ओली, लांब, एकाच्या तोंडात मासा,
शेवटचं तर थांबून आमच्याकडे बघत होतं.
मी पाहिली नाहीत.
तिनंही नाही. पण तिचा ठिपका
एकदा त्यांच्यावर गेला होता, टेकला होता,
आणि तसाच परत भोकांकडे.
"डोळा पोचला होता, मावशी. तुम्ही नाही."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, परत लाव.
तीनदा लावायला लावलं.

त्या रात्री शर्टाला बटण शिवताना दोन भोकं.
भिंतीतल्या जुन्या सॉकेटात दोन.
झोपलेल्या नवऱ्याच्या नाकात दोन.
दिवा मालवला तरी ती होतीच,
पापणीच्या आत, लागीं लागीं.

आता ओहोटीला जातो तेव्हा
पिएदाद मधेच कंबर सरळ करते,
बादली खाली ठेवते,
खारफुटीकडे तोंड करून उभी राहते.
काही शोधत नाही, म्हणते.
पण मला तिची मान ठाऊक आहे.
चार, ओली, लांब:
तेवढंच आता डोक्यात भरून घेतलंय तिनं,
आणि पायाजवळच्या भोकांवर
पाणी चढायला लागलंय.