सहावं पीस

सप्टेंबर. समुद्र आणि तळं यांच्यामधली चिंचोळी लाटवियन पट्टी.
जाळी पहाटेच लावली.
आता खुंट्यांवर आउस्माच्या कापडी पिशव्या हलतायत,
एकेकीत आठ-नऊ ग्रॅमचा जीव.

पहिला बाहेर काढला. हिरवट, भुरका, भुवईला फिकट रेघ.
"कोण हा?"
मी पाय बघतो. काळपट.
म्हणजे चुंचिंश, आपलंच नाव दिवसभर घोकणारा.
ती अंगठ्याला थुंकी लावून पाय पुसते.
तळ्याचा चिखल निघतो, खाली मधाचा रंग.
"वीतीतिस," ती म्हणते. "घाई नडली."

मग पंख उलगडते, हलकी फुंकर घालते,
बाहेरून मोजत सहाव्या पिसाशी थांबते:
याची कड सरळ. त्याची इथे आत वळते,
सुरीनं जरा तासल्यासारखी.
याला वाळवंट ओलांडायचंय, म्हणून पंख लांब.
तो ऑलिव्हच्या बागांपाशी थबकतो बहुतेकदा, त्याला आखूड पुरतो.

एवढ्याशा फरकावर
केवढं आभाळ.

"मी आणि झेन्ता अशाच होतो," कडी चढवता चढवता ती म्हणते.
"पोस्टमननं एकदा तिचं पत्र मला दिलं.
दुसऱ्याच ओळीत कळलं, माझं नाही."
पेन्सिलीचं टोक जिभेला लावते.
आकडा लिहिते. पंखाची लांबी. वजन. वेळ.
"शेवटपर्यंत वाचलं."

मी विचारत नाही कुणाचं होतं.
विचारतो, आई कशी ओळखायची तुम्हाला?
"खोकल्यावरून."

मूठ उघडते. वीतीतिस क्षणभर तसाच बसून राहतो,
सुटल्याचं त्याला उशिरा कळतं.

तेवढ्यात विलोच्या झुडपातून कुणीतरी बोलतं.
शरदात दोघेही गात नाहीत, नुसती हाक देतात:
एक म्हणतो हुईत, एका दमात,
दुसरा हु-ईत, मधे पायरी असल्यासारखा.
आउस्मा माझ्याकडे बघते.
गेल्या हिवाळ्यापासून तिला बारीक आवाज येत नाहीत,
हे ती कधी बोलली नाही, मीही नाही.
"एक की दोन?"

वारा होता. पानं होती. झुडपात एक शेपटी
खाली दबली, किंवा फांदीच हलली.
"दोन," मी म्हणतो. मग म्हणतो, "माहीत नाही."

ती मान डोलावते,
वहीत दोन रकान्यांमधल्या रेघेवरच
एक बारीक टिंब देते,
आणि पुढची पिशवी खुंटीवरून काढते.