साडेपाचपर्यंत

"बाबा, शेवटच्या तीन लढाया तुम्ही मारा,"
म्हणून ऋजुता झोपली. नऊला सीएचा पेपर.
इव्हेंट संपतो पहाटे साडेपाचला,
कुठल्यातरी परक्या देशाच्या मध्यरात्री.

रामबागेत कुत्रीसुद्धा गप्प.
मी मेंढीकोट खेळलेला माणूस,
मला समोर भिडू लागतो,
त्याच्या भुवईवरून हुकूम ओळखायला.
इथे एकट्यानं लढायचं,
हातात पाच पानं, पुढ्यात
सात शेपट्यांचं काहीतरी.

पहिली जिंकलो. दुसरी हरलो.
ताकद भरायला दहा मिनिटं,
तेवढ्यात चहा, चिमूटभर लवंगी सेव.
तिच्या पानांत एक कंदीलवाला होता,
दोन आण्यांचा जीव,
लेव्हल मात्र पार वरपर्यंत चढवलेली.
मी काढून टाकला होता.

परत ठेवला.
मारत काहीच नाही तो. फक्त उजेड धरून
शत्रूचं पुढचं पान दाखवतो.
अरे, ही तर भुवईच!

दुसरी निघाली.
पाच अठ्ठावीस. तिसरीत दोन शेपट्या शिल्लक.
आत तिचा गजर वाजतो,
दारात विस्कटलेले केस: "काय झालं?"
"बोलू नकोस," मी म्हणतो,
"हुकूम आपल्याकडे आहे."