एक गादी, मिळाली

माझं काम नाव शोधण्याचं.
लोक रात्री टाकून जातात, मी सकाळी उकरतो.
बर्नलीच्या वरची अरुंद वाट, दोन्हीकडे दगडी बांध,
मधोमध ढीग. मेंढ्या त्याला वळसा घालून जातात,
जसा काही तो आजोबांच्या काळापासून तिथेच आहे.

रबरी हातमोजे, चिमटा, कॅमेरा.
पिशवीच्या पोटात हात घालावा तर
चहाचा चोथा, मांजराची वाळू, एकेकटे मोजे,
आणि अगदी तळाशी एखादं पाकीट.
माणूस हात वर करतो,
कागद पत्ता सांगून मोकळा होतो.

या वेळी डोळ्यांच्या दवाखान्याचं पत्र होतं:
श्रीमती हिल्डा एन्टविसल. मोतीबिंदू, डावा डोळा,
मंगळवारी सव्वादहा.

तिने साखळी न काढता दार उघडलं.
माझं ओळखपत्र नाकाशी धरून वाचलं,
मागची बाजूसुद्धा.
(बाई, हेच त्याच्याकडे मागितलं असतंत तर!)

"पैसे दिले ना मी," ती म्हणाली.
"साठ पौंड, रोख. पांढरी व्हॅन.
गोड बोलणारा पोरगा. एकट्याने जिन्यावरून गादी उतरवली,
चहालाही थांबला नाही."
परवाना? नाही पाहिला.
पावती? नाही मागितली.
गाडीचा नंबर?
"पांढरी होती."
मी तसंच लिहिलं. पांढरी होती.

मग कायदा म्हणून दाखवला, रोजचा पाठ:
कचरा दाराबाहेर गेला म्हणून अंगावरून गेला, असं नसतं;
कुणाच्या हाती सोपवलात, ते पाहणं तुमच्याकडे.
तिने मान हलवली. शेवटी एकच विचारलं,
"कुठे पडलीय?"
"काय?"
"क्लिफर्डची गादी. भिजतेय का?"

नियमात बसत नव्हतं. तरी नेलं.

ढिगाशी उभी राहून ती काठीने दाखवत गेली,
भावकीत वाटण्या कराव्यात तशी:
"हे आमचं. हे नाही.
रंगाचे डबे आमचे नव्हेत, आम्ही भिंतींना कागद लावतो.
ही खुर्ची आमची, पाय आधीपासूनच मोडका.
टायर? आमच्याकडे गाडी कधी नव्हती."
मग गादीपाशी आली.
एका बाजूला खोल खळगा, त्यात कालचं पाणी.
दुसरी बाजू जवळजवळ सपाट.
तिने काठीचं टोक पाण्यात बुडवलं, बाहेर काढलं.
"तो वजनदार होता," म्हणाली.
आणि भाच्याला फोन लावायला लागली.

पुढचं मला केंद्रावरच्या लॉइडने सांगितलं.
शनिवारी ट्रेलर आला. लाकूड लाकडात, गादी गाद्यांत,
सगळं रीतसर.
मग म्हातारी खिडकीशी: पावती.
"इथे पैसे पडत नाहीत, मॅडम, पावती कसली?"
"मी थांबते," ती म्हणाली.
मागे अकरा गाड्या. एकाने हॉर्न दिला,
तिने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की
त्याने इंजिनच बंद केलं.

सोमवारी माझ्या टेबलावर पाकीट.
आत पुठ्ठ्याचा तुकडा, पेन्सिलीत:
"एक गादी, एक खुर्ची. मिळाली. लॉइड."
खाली तिचं तिरकं अक्षर:
"रंगाचे डबे आमचे नव्हेत."

माझ्या फॉर्मवर रकाने आहेत: नाव, पत्ता, दंड, मुदत.
पुठ्ठा चिकटवायला जागा नाही.
मी टाचणी लावली. दंडाचा रकाना
दुपारपर्यंत कोराच राहिला, मग पाच वाजले.

पुठ्ठा उलटला तेव्हा मागे आणखी होतं:
"आता आठवलं. व्हॅनच्या मागच्या दारावर धुळीत
कुणीतरी बोटाने लिहिलं होतं, 'मला धुवा'.
याचा काही उपयोग होईल का?"

होणार नाही, हे मला माहीत आहे.
तरी आठवडाभर
सिग्नलला पांढरी व्हॅन दिसली
की मी तिचं मागचं दार वाचतोय.