उलटा वेढा

अस्करच्या धक्क्यावरून पहाटे तीनला सुटलो.
मागे ॲल्युमिनियमच्या कारखान्याचे दिवे,
पुढे हवारकडचं पाणी, उथळ,
कुणी परातीत ओतून विसरून गेल्यासारखं.
सहा वर्षं झाली, तरी याला समुद्र म्हणताना
जीभ अडखळते. माझा समुद्र हर्णैचा,
रात्रभर बोलत राहणारा.

नाखवा इथेही नाखवाच, म्हणतात नोखदा.
आमचा बू मुतलक, गुडघे गेलेला,
कान मात्र शाबूत.
इंजिन बंद कर, म्हणाला.
फुस्स.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग पुन्हा फुस्स,
दमेकऱ्याने उशीत तोंड खुपसून सोडावा तसा.

"अरूस अल-बहर," बू म्हणाला. समुद्राची नवरी.
शफिकुल हसला, नवरी कसली, ही तर म्हैस.
आणि होतीच तशी, करडी, मिशाळ,
तळातलं गवत चरत आलेली,
आणि मानेपासून शेपटीपर्यंत नायलॉन.

मी उतरलो. पाणी छातीला.
बू वरून सांगत होता:
शेपटीमागे उभा राहू नकोस.
आधी नाक. नाक वर राहू दे, बाकी मग.
शफिकुलने हनुवटीखाली लाइफजॅकेट सरकवलं
आणि तिच्याशी बंगालीत काहीतरी पुटपुटत राहिला.
मी सुरीची पाठ तिच्याकडे, धार माझ्याकडे धरून
एकेक फास कापत गेलो.
अंगठा दोनदा कापला. खारं पाणी लगेच कळवतं.

डाव्या परापाशी दोर मांसात गेला होता.
त्याच्याखाली बोट घातलं, आणि बोटाला
काहीतरी कोमट, पांढरं लागलं.
मी बूकडे पाहिलं. त्याला सांगावं लागलं नाही.
त्याने डोळ्यांवर हात धरून चारी दिशा पाहिल्या,
परत पाहिल्या.
सपाट पाणी. कुठेच दुसरा श्वास नाही.

शेवटचा दोर सुटला, तरी ती हलली नाही.
सुटल्याचं तिला कळायला
आम्हांपेक्षा जास्त वेळ लागला.
मग शेपटीचा एकच फटका, शफिकुल आडवा,
गढूळ ढग,
आणि ढग बसला तेव्हा आम्ही तिघेच.

जाळं तसंच टाकलं तर उद्या दुसरी, बू म्हणाला.
ओढून घेतलं. ओलं, शेवाळलेलं, जड.
उन्हात पसरताना माझा हात थांबला.
दोन वेढे, तिसरा उलटा.
हा वेढा बाबा मारायचे, डावखुरे म्हणून,
आणि मी त्यांच्याकडे बघून शिकलो
उजव्या हाताने, चुकीचा.
अख्ख्या अस्करमध्ये असा कुणीच बांधत नाही.
गेल्या वर्षी शमाल सुटला
तेव्हा चाळीस वाव तोडून आम्ही पळालो होतो.

कुणाचं असेल? शफिकुल विचारतो.
मी म्हणतो, कोण जाणे.
बू मुतलक माझ्याकडे बघत नाही.
न बघणं त्याला चांगलं जमतं.

एक गाठ कापून साबणाच्या डबीत ठेवली आहे.
आज दुपारी नवं जाळं विणायला आलं.
मी सुई भरली.
वेगळी गाठ मारायची ठरवलं होतं.
हातांना दुसरी येत नाही.