स्लॅब ७

उलव्याच्या साइटवरून जोमाने टेम्पोत आणल्या
सेंटरिंगच्या फळ्या, किलोच्या भावाने.
सिमेंट चिकटलेलं, खिळे वाकडे,
एकीवर लाल खडूने: स्लॅब ७.

रंधा नको, म्हटलं. दोनला ड्रिल मशीन येतंय,
नव्वद किलोचं.

गुण्या सापडेना. मग सुतळीला गाठी,
तीन, चार, पाच.
कोपरा जुळला तसा जोमा हसला,
‘शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर!’

पाय चार, आडव्या दोन, मागे एक तिरपी,
आरपार बोल्ट.
उभं केलं, तर एक पाय हवेत.
टेबलाचा दोष नाही,
घणसोलीतल्या या गाळ्याची फरशीच खचलेली.
पाचर ठोकली.
जोमा वर चढून उभा राहिला, हातात चहाचा ग्लास.
थेंब सांडला नाही.

आता रोज त्यावर मी मोटारी उघडते,
जळकी तार उसवते, नवी गुंडाळते.
खडूची अक्षरं पुसली नाहीत.

ओला होता तोवर अख्खा मजला
हिने अंगावर पेलला.
सुकला, आपला आपण उभा राहिला,
आणि हिला खाली टाकलं.
तिथे कुणाच्या तरी छतात, प्लास्टरखाली,
हिच्या गाठीचा ठसा असेल.

माझ्या कोपरात मात्र अजून कुसळ जातं.
रंधा मारायला हवा होता.