रुमालाखालचा तिसरा हात

मी भूपाल चौगुले, सांगलीच्या हळद पेठेत मापाडी.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचं वजन सांगत आलोय.
पुस्तक रद्दीतून आलं. फाटक्या पोत्याला
आतून लावायला कागद हवा होता, तेवढंच निमित्त.
मागल्या पानावर फोटो : मेक्सिकोचा कुणी लेखक.
भुवया जाड, ओठ असे
की तेराव्याच्या पंगतीत हसू दाबून बसलाय.

गोष्टी इवल्या. दीड पान, पाऊण पान.
एकीत माणसाला त्याचीच दाढ नोटीस धाडते.
दुसरीत एक गाव आपला डोंगर
दुरुस्तीला पाठवतं आणि पावती हरवून बसतं.
सगळं अर्जाच्या भाषेत, गंभीर, सही-शिक्क्यानिशी.
मला वाटलं, हा नक्की
बाजार समितीत कारकून असणार.

मग त्या बुधवारी राजापुरी हळदीचा सौदा.
रुमाल टाकला. खाली आदगोंडांचा हात,
बोटं चाचपणारा पारीसशेठचा,
आणि तिसरा.
दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.
रुमाल मध्येच उचलायचा नाही, हा पेठेचा धर्म.
तिसऱ्यानं बोटं दाबली. सगळ्यांत चढा भाव.
सौदा पटला.

वहीत नाव कुणाचं घालायचं?
मी लिहिलं : मेक्सिको.
शेठ चष्म्यावरून म्हणाले, "हे कुठं आलं रे? जतच्या पुढं?"
"थोडं पुढं."
"उधारी वसूल होती का तिकडं?"

रात्री पुस्तक उघडलं. फोटोतला माणूस
तसाच, हसू दाबून.
फक्त उजव्या हाताची नखं पिवळी.
थुंकी लावून पुसली, जाईनात.
छपाईचा दोष असेल, बायको म्हणाली.
असेल.

आमच्या वहीत एक रकाना असतो, 'सुकवण'.
पोतं आलं तेव्हा साठ किलो, गेलं तेव्हा एकोणसाठ.
मधला किलो कुठं गेला, कुणी विचारत नाही.
एकतीस वर्षं मी तो हवेत सोडत आलो.
आता वाटतं, हा गृहस्थ तिकडं बसून
नेमका तेवढाच गोळा करत होता.

तेवीस पोती अजून गोदामात आहेत.
न्यायला कुणी आलेलं नाही.
शेठ मेक्सिकोच्या नावावर
रोज भाडं चढवतात,
आणि मी कुलूप लावण्याआधी
रिकाम्या ओट्यावर रुमाल पसरून
एकदा खाली हात घालून बघतो.