किंवा

मंगळवारी दुपारी भिंतीवर कागद लागतो.
प्रत्येक जागेपुढे एक नाव,
खाली बारीक अक्षरात दुसरं,
ज्यानं वाट बघायची त्याचं.
या आठवड्यात फक्त लेफ्ट टॅकलपुढे
दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच मापाची:
ग्रेडी स्टम्फ किंवा ओबदाया फिंच.

अकरा वर्षं मी इथे, मन्सीत,
पोरांचे घोटे बांधते.
नोव्हेंबरात मक्याची वाळकी पानं
पार्किंग ओलांडून दारापर्यंत येतात.
चेहऱ्याआधी मला पाय ओळखू येतात.

ग्रेडीचा पाय वापरातल्या रस्त्यासारखा.
दोन ऑपरेशनं, अंगठ्याचं नख कायमचं काळं.
पाऊल टेबलावर काटकोनात धरून ठेवतो,
सांगावं लागत नाही.
पाचवं वर्ष. बायकोला सातवा महिना.
कोच लुबॅक त्याच्याबद्दल जे काही म्हणतात
त्याला मी मनात म्हणते, मुरलेला.
मुरलंय खरं.
गुडघ्यात पाणी मुरलंय.
सोमवारी डॉक्टरांनी सुईनं ओढलं, चाळीस मिली,
पिवळं, पातळ सरबत.
तो छताकडे बघत मला पाळण्यांचे भाव सांगत होता.

ओबदाया गॅरीचा.
ऑगस्टात अठरा पूर्ण.
एकशे चाळीस किलो, आणि गालांवर अजून बाळसं.
टेप लावताना गुदगुल्या होतात त्याला,
टेबल हलतं,
मी सोडवून पुन्हा सुरू करते.

कोच दारात उभे राहून विचारतात,
किती डाव टिकेल गुडघा?
तीस, म्हणते मी. रेटलाच तर चाळीस.
ते जात नाहीत.
त्यांना विचारायचंय ते वेगळंच आहे,
आणि ते मोजायचं काही
माझ्या कपाटात नाही.

शनिवारी आधी ओबदाया.
चेंडू हलायच्या आधी हलला. पाच यार्ड मागे.
पुन्हा हलला. पुन्हा पाच.
मग एकदा वेळेवर उठला
आणि समोरचा तेवीस वर्षांचा बाप्या
दार बिजागरीसकट निखळावं तसा बाजूला गेला.
आपण काय पाहिलं हे कळायला
स्टेडियमला क्षणभर लागला.
पुढच्याच डावात लाइनबॅकर आतून घुसला.
ओबदाया बाहेर बघत होता.
आमचा क्वार्टरबॅक पाठमोरा,
त्याला तर काहीच दिसलं नाही, फक्त गवत.

रेषेबाहेर ग्रेडी आधीच ओरडला होता.
त्या लाइनबॅकरची टाच म्हणे
किंचित उचलली होती.
माझा सगळा जन्म टाचांत गेला,
मला नाही दिसली.

मग ग्रेडी आत.
सगळं ओळखलं त्यानं. बोटानं दाखवलं,
शेजारच्याला सावध केलं,
आणि अर्धं पाऊल उशिरा पोचला.
एकदाच नाही.

एकाला दिसत नव्हतं, तो पोचत होता.
दुसऱ्याला दिसत होतं.

तीन गुणांनी गेला सामना.
कोणामुळे, यावर गाव रविवारभर भांडेल,
चर्चमध्ये, पॅनकेकच्या रांगेत, न्हाव्याकडे तर मंगळवारीसुद्धा.

कात्रीनं कापला तरी टेप
घोट्याचा आकार सोडत नाही.
डब्यात एकात एक अडकलेले पांढरे, पोकळ पाय.
त्यातला कुठला कोणाचा,
मलाही सांगता येईना.

दिवे बंद करायला आले तर हे दोघे अजून तिथेच.
ग्रेडीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
टेबलावर सांडलेल्या पावडरीत
तो बोटानं ठिपके काढत होता.
हा तू. हा तो. इथे त्याची टाच.
ओबदाया वाकून बघत होता,
जिभेचं टोक दातात धरून.
"पण तेव्हा मी नेमकं बघायचं कुठे?"

ग्रेडी बराच वेळ गप्प.
"ते सांगता येत नाही रे," म्हणाला.
तळहातानं पावडर सारखी केली
आणि पुन्हा पहिला ठिपका काढला.

मी किल्ल्या खिशात टाकल्या.
स्टूल ओढून बसले.